भावाचा रात्रीचा खोकला, ५२ टक्के इओसिनोफिल आणि न सापडलेला जंत

ओवी_म

दोन महिने हे डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतेय. आधी हकिगत, मग प्रश्न.

माझा धाकटा भाऊ, वय ३३. जन्म-शिक्षण सगळं पुण्यात. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी नागपूरला गेला. मागच्या दिवाळीनंतर त्याला खोकला लागला. दिवसा माणूस ठणठणीत, ऑफिस काय, क्रिकेट काय. रात्री एक-दीड वाजला की उठून बसायचा. कोरडी ढास, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, थेट पहाटेपर्यंत. मी गेले होते तेव्हा मांडीवर उशी आणि उशीवर कोपर टेकून बसलेला पाहिलाय त्याला.

दमा म्हणून पंप दिला. मग स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या घेतल्या की आठ-दहा दिवस बरं, थांबवल्या की पुन्हा तेच. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके दिसले, तेव्हा टीबीची शंका. थुंकी दोनदा निगेटिव्ह. वजन चार किलो उतरलं. आईने इकडे नवस बोलायचा बाकी ठेवला होता.

शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी फाइल उलटीकडून चाळली आणि पहिल्याच महिन्यातला साधा रक्ताचा रिपोर्ट काढला. पांढऱ्या पेशी १८,४००, त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी ५२ टक्के. म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर, जिथे पाचशेपर्यंत असायला हव्यात. हा कागद चार महिने फाइलमध्येच होता, आकडा ठळक छापलेला होता, आणि तिघांनी तो पाहिलाच नव्हता. असो, तो राग वेगळा.

डॉक्टरांनी विचारलं, "राहता कुठे? डास आहेत का?" रात्री अकराला रक्त घेतलं, त्यात हत्तीरोगाचा एकही जंतू नाही. पण त्या जंताविरुद्धच्या अँटीबॉडी भरपूर. मग डीईसी, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतावरच्या गोळ्या, तीन आठवडे. सहाव्या रात्री हा सलग झोपला.

आता प्रश्न. रक्तात जंतच नाही तर गोळी लागू पडली कशावर? आणि त्याच्या घरमालक काकांच्या रक्तात सर्वेक्षणात जंतू सापडले होते, तरी त्यांना कसलाच त्रास नाही. त्याच गल्लीत एका आजींचा पाय हत्तीपाय झालेला आहे. गल्ली एक, डास तेच, मग तिघांचं तीन प्रकारचं का?

कुकूचकू

वाचतेय. लोक पॉपकॉर्न घेऊन बसतात, मी वावडिंग घेऊन बसलेय.

जुनी_काचपट्टी

पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे हा माझ्या गल्लीतला धागा. भावाच्या आजाराला ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया म्हणतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: जंत होता, त्याची पिल्लंही होती, पण भावाच्या शरीराने ती इतक्या त्वेषाने पकडली की रक्तात दिसायला एकही उरलं नाही. त्या पकडापकडीचा राडा फुप्फुसात झाला. तोच खोकला.

जरा सविस्तर. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, म्हणजे हत्तीरोगाचा जंत, त्याची मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक असते. ती लसिकावाहिन्यांत, म्हणजे लिम्फच्या नळ्यांत राहते, पाच-आठ वर्षं जगते आणि रोज हजारोंनी पिल्लं रक्तात सोडते. ती मायक्रोफायलेरिया. आपली संरक्षक पेशी साधारण १२ मायक्रॉनची. दहा सेंटीमीटरचा जंत तिच्यापुढे आठ हजार पट लांब! बॅक्टेरियासारखा गिळून टाकणं शक्यच नाही. म्हणून जंतांसाठी शरीराची रीत निराळी आहे. आयजी-ई नावाच्या अँटीबॉडी तयार होतात आणि अळीच्या अंगाला चिकटतात. मग इओसिनोफिल येऊन अळीला बिलगतात आणि आपल्या पोटातले दाणे तिच्या अंगावर रिकामे करतात. त्या दाण्यांतली प्रथिनं विषारी असतात. अळीची कातडी भाजते, आणि शेजारच्या आपल्या ऊतीही भाजतात. तिथे भेदभाव नाही.

इओसिनोफिल काचेखाली फार देखणी दिसते. दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि भोवती नारिंगी-गुलाबी दाणे, डाळिंब फोडल्यासारखे. इओसिन हा रंग ती आवडीने पिते म्हणून पॉल एर्लिखने १८७९ साली तिला हे नाव दिलं. तुमच्या भावाच्या काचपट्टीवर जिकडेतिकडे डाळिंबच दिसलं असणार. चार महिने ते कुणाला दिसू नये याचं मलाही वाईट वाटतं. लॅबवाले आकडा ठळक छापतात तो कुणीतरी वाचावा म्हणूनच.

या आजाराचा इतिहास आपल्याकडचाच आहे. १९४० साली मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी 'टीबीसारखा दिसणारा पण टीबी नसलेला' आजार नोंदवला, ज्यात इओसिनोफिल वाढलेले होते. १९४३ मध्ये बेल्लारीहून वाइनगार्टन यांनी त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं. त्यांना उपाय सापडला तो योगायोगाने. अशा एका रुग्णाला उपदंशही होता, त्याला आर्सेनिकचं इंजेक्शन दिलं आणि खोकलाच गेला! कारण फायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाचा जंत आहे हे पुढे कळलं. म्हणजे भावाला टीबी वाटला यात नवल नाही, ऐंशी वर्षांपूर्वीही तसंच वाटत होतं.

ओवी_म

बापरे, धन्यवाद. 'शेजारच्या ऊतीही भाजतात' हे भावाला पाठवलं. म्हणतो, "म्हणजे चोर पकडायला पोलीस आले आणि घरातली भांडीही फोडून गेले."

पण रात्रीच का खोकला? ते जंतू रात्रीच रक्तात येतात म्हणून?

गोंडवाना_एक्सप्रेस

ताई, या प्रश्नाला मीच हात घालतो, माझी सारी नोकरी याच्यातच गेली. हत्तीरोग नियंत्रण पथकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो, विदर्भातल्या दोन जिल्ह्यांत. आता निवृत्त.

आमची ड्युटीच रात्री. साडेआठला निघायचं, बारापर्यंत घरं. खांद्याला पेटी, हातात टॉर्च. लोक जेवून आडवे व्हायच्या बेतात असत, "दिवसा येत जा ना भाऊ" हे वाक्य दर तिसऱ्या घरी. पण दिवसा येऊन उपयोग नाही जी. हा जंतू दिवसा बहुतेक फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत दडून राहतो आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास अंगभर रक्तात फिरतो. क्यूलेक्स डास चावतो तोही रात्रीच. दोघांचं वेळापत्रक जुळलेलं. हत्तीरोगाचे जंतू डासातून जातात हे मॅन्सन साहेबानं १८७७ मध्ये चीनमध्ये राहून दाखवलं, आणि त्याच्याआधी १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात ते पाहिले लुईस साहेबानं, आपल्या कलकत्त्यात.

बोटाला टोचायचं, काचपट्टीवर जाड थेंब पसरायचा. दुसऱ्या दिवशी पाण्यात धरला की लाल रंग उतरतो, मग जेएसबीचा रंग द्यायचा. कधी ओला थेंब तसाच भिंगाखाली धरला तर जिवंत दिसतो. तांबड्या पेशींना इकडेतिकडे ढकलत नुसता वळवळत राहतो, पण जागा फारशी सोडत नाही. ज्याचं रक्त त्यालाच एकदा दाखवलं होतं. पाच मिनिटं डोळा हलवला नाही त्यानं. मग म्हणे, "अन् मले काहीच कसं नाही होत?"

जुनी_काचपट्टी

काका, हे लिहीतच राहा.

ओवी, दिवसा फुप्फुसात दडणं आणि फुप्फुसातच पकडलं जाणं यांचा मेळ बसतो. पण रात्रीच्या खोकल्याचा दोष थेट त्या वेळापत्रकाला देऊ नका. साधा दमाही रात्री-पहाटेच जोर करतो.

काढेवाला_सदाशिव

सगळं ठीक, पण मुळात इम्युनिटी कमी पडली म्हणूनच जंत झाला ना? गुळवेल, हळद, आवळा नियमित घ्या. इम्युनिटी वाढवली की जंत टिकत नाही. सोपी गोष्ट अवघड का करता?

ओवी_म

सदाशिवराव, भावाची इम्युनिटी आणखी कुठवर वाढवू? ५२ टक्क्यांवर आहे.

कुकूचकू

😂 धागा इथेच वसूल.

नेमाडपंथी_नाही

हसू आलंच, पण सदाशिव यांच्या मनात आहे ते बऱ्याच जणांच्या मनात असतं: प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, जितकं जास्त तितकं चांगलं. काचपट्टी, घरमालकांचं काय ते सांगा ना. मला तो माणूस सगळ्यात जास्त रोचक वाटतोय. रक्तात जंतू आणि त्रास शून्य?

जुनी_काचपट्टी

तेच सांगायला आले.

जंताला माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं राहायचं असतं, तेव्हा तो यजमानाची समजूत घालतो. त्याच्या अंगातून सतत पाझरणारी प्रथिनं आपल्या संरक्षक यंत्रणेतल्या शांतता राखणाऱ्या पेशींना जागं करतात. त्या इंटरल्यूकिन-१० सोडतात, म्हणजे 'आवाज कमी करा' असा निरोप. दुसरं म्हणजे आयजी-ईच्या जोडीला आयजी-जी-४ नावाच्या अँटीबॉडी भरमसाट तयार होतात. त्या जंताच्या त्याच जागा अडवून बसतात, पण पुढे भांडण लावत नाहीत. खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा तसं. आयजी-ई येते तर जागा भरलेली. घरमालकांसारख्या माणसांत आयजी-जी-४चा जोर असतो, भावासारख्यांत आयजी-ईचा. एकाच जंताशी एकाने तह केलाय, दुसऱ्याने युद्ध पुकारलंय.

आजींचं तिसरंच. मेलेल्या किंवा मरणाऱ्या जंतांभोवती सूज, लसिकावाहिन्या रुंदावून निकामी होणं, मग पायात पाणी साचणं, आणि त्यावर बोटांच्या बेचक्यांतून शिरणाऱ्या बॅक्टेरियांचे पुन्हा पुन्हा हल्ले. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, ते हेच. भर म्हणजे या जंताच्या पोटात वोल्बाकिया नावाचे बॅक्टेरिया भाड्याने राहतात. जंत मेला की तेही बाहेर सांडतात आणि आग भडकते. पाय इतका फुगलेला असतो तेव्हा रक्तात जंतू बहुतेकदा सापडतच नाही.

आता, कोण तह करतो आणि कोण युद्ध? लहानपणापासून त्या वस्तीत वाढलेला माणूस तहाकडे झुकतो. आईला गरोदरपणी हा संसर्ग असेल तर मुलांच्या रक्तात पुढे जंतू टिकण्याची शक्यता वाढते, कारण पोटात असतानाच ओळख झालेली असते. बाहेरून आलेला प्रौढ माणूस खवळतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर हजारो अमेरिकी सैनिकांना हातापायांत आणि वृषणांत सूज आली, पण रक्तात मायक्रोफायलेरिया जवळपास कुणाच्याच नाहीत. तिथल्या गावकऱ्यांचं बरोब्बर उलटं होतं. पुण्यात वाढून तिशीत नागपूरला गेलेला तुमचा भाऊ त्या सैनिकांच्या बाजूचा.

चिपळूणकर_आडनावाने_नाही

तहावरून आठवलं. गुहागर तालुक्यातलं गिमवी गाव माहितेय का? १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तिथे लघवीतून रक्त जाणाऱ्या लोकांत शिस्टोसोमा हा कृमी दाखवला. आफ्रिकेतला आजार आणि सापडला आमच्या कोकणात, ओढ्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीमार्फत. अख्ख्या देशातलं हे नावाजलेलं उदाहरण.

या कृमीची युक्ती मला भारी आवडते. तो रक्तवाहिनीतच मुक्काम करतो, चहूबाजूंनी पहारेकरी. तर हा आपल्याच रक्तातले रेणू, अगदी रक्तगटाचेसुद्धा, अंगावर चढवून बसतो. पहारेकऱ्याला वाटतं घरचाच माणूस. वरून असं की आतला मोठा कृमी सुखात, पण नवीन अळी आत शिरली की शरीर तिला चोपतं. म्हणजे आधी आलेला भाडेकरू नवीन भाडेकरूंना दारातूनच परत पाठवतो.

आप्पा_बार्शीकर

तुम्ही जंतांची एवढी अक्कल सांगताय म्हणून लिहितो. माझं वय ७८. लहानपणी आमच्याकडे नारू होता. पायविहिरीत पायऱ्या उतरून लोक पाण्यात उभे राहायचे, घागर बुडवायचे, तेच पाणी प्यायचे. वर्षाने घोट्याजवळ फोड यायचा, फुटला की पांढरा दोरा दिसायचा. चुलत्याला निघालेला पाहिलाय. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, जास्त ओढला आणि तुटला तर पाय मांडीपर्यंत सुजायचा. चुलता पंधरा दिवस पेरणीला गेला नव्हता. आणि पुढच्या वर्षी परत त्यालाच!

डॉक्टरीणबाई, एकदा गोवर झाला की परत होत नाही, मग नारू दरसाल त्याच माणसाला का?

जुनी_काचपट्टी

आप्पा, नमस्कार. नारूची मादी वर्षभर कातडीखाली सरकत असते तेव्हा शरीर अगदी गाफील असतं, इतकी ती बेमालूम राहते. ती फोड आणून बाहेर डोकावते तेव्हाच आग सुरू होते, आणि तुटली तर आतलं सगळं ऊतींत सांडतं म्हणून मांडीपर्यंत सूज. पुढच्या वेळी उपयोगी पडेल असं शरीर काही शिकतच नाही, म्हणून पुन्हा पुन्हा. जंतांविरुद्ध माणसासाठी अजून एकही लस बाजारात नाही, त्याचं एक कारण हेच. नारू गेला तो लसीने किंवा औषधाने नाही. पाणी गाळून प्यायल्याने, विहिरींत औषध टाकल्याने आणि पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्याने. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

एडिसनवासी

न्यू जर्सीहून. माझ्या मुलाला शेंगदाण्याची आणि परागकणांची भयंकर अ‍ॅलर्जी. इथे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलं की तेच शब्द: आयजी-ई, इओसिनोफिल. मी आजोळी शेणामातीत वाढलो, जंताचं औषध दर सुट्टीत, अ‍ॅलर्जी शून्य. कुठेतरी वाचलं की जंत मुद्दाम घेतले तर अ‍ॅलर्जी जाते. खरं का?

जुनी_काचपट्टी

अर्धं खरं, म्हणूनच धोक्याचं.

आयजी-ईचा शोध १९६६-६७चा, तोही अ‍ॅलर्जीच्या मागे लागून. जंतांसाठी घडलेलं हत्यार आणि आता शत्रूच उरला नाही, म्हणून शेंगदाण्यावर चालतं, असा एक तर्क आहे. गॅबनमधल्या शाळकरी मुलांना जंताची औषधं वारंवार दिली तर धुळीतल्या कीटकांविरुद्धची त्वचेची प्रतिक्रिया वाढली, हे दिसलंय. नॉटिंगहॅमचे प्राध्यापक डेव्हिड प्रिचर्ड यांनी २००४ मध्ये स्वतःच्या हातावर ५० अंकुशकृमींच्या अळ्या बांधून घेतल्या, किती सोसतं ते बघायला. पण पुढे रुग्णांवर नीट प्रयोग झाले तेव्हा फायदा म्हणावा तसा दिसला नाही. डुकराच्या जंताची अंडी पाजून आतड्याचा क्रोन्स आजार बरा करायचे मोठे प्रयोग २०१३ च्या सुमारास गुंडाळावे लागले.

आणि अंकुशकृमी फुकट राहत नाही, रक्त पितो. आपल्याकडच्या पंडुरोगी बायामुलांना विचारा. इंटरनेटवर अळ्या विकणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नेमाडपंथी_नाही

आतड्यातल्या जंतांनाही इओसिनोफिलच मारतात का? माझ्या मुलीला शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात, त्यावरून विचारतोय.

जुनी_काचपट्टी

आतड्यात मारण्यापेक्षा हाकलण्यावर भर. अस्तरात टफ्ट नावाच्या मूठभर पेशी असतात. त्यांचं काम काय ते २०१६ पर्यंत धड माहीत नव्हतं. त्या जंताची चाहूल घेतात आणि निरोप पाठवतात. मग शेंबडासारखा बुळबुळीत स्राव वाढतो, आतडं जोराने आकुंचन पावतं, अस्तराच्या पेशीही भराभर बदलतात. निसरडं करा, पाणी सोडा, ढकला. ही बहुतेक माहिती उंदरांवरची. माणसाच्या आतड्यात पूर्ण हकालपट्टी क्वचितच साधते, म्हणून तर गोळी. दोन वर्षांवरच्या मुलांना ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, चावून खायला सांगा.

एक मात्र धाग्यात ठळकपणे राहू दे. इओसिनोफिल वाढलेले असताना कारण न शोधता स्टेरॉइड घेऊ नका. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक जंत आतल्या आत पिढ्या वाढवत दशकानुदशकं राहू शकतो. स्टेरॉइडने पहारा उठला की तो अंगभर पसरतो, जीव जाऊ शकतो. ओवीच्या भावाला स्टेरॉइडने बरं वाटलं ते पोलीसच झोपल्यामुळे, चोर तसाच होता. आणि हो, डीईसीही मनाने घ्यायचं औषध नाही.

ओवी_म

अपडेट. परवाचा रिपोर्ट: एकूण पेशी ८,२००, इओसिनोफिल ९ टक्के. डॉक्टर म्हणाले दर काही महिन्यांनी तपासत राहा, हा आजार उलटू शकतो. वजन दोन किलो भरलं. मच्छरदाणी लावतो आता, खोलीवरची मित्रमंडळी हसतात.

घरमालक काकांची मात्र गंमत. भावाने त्यांना विचारलं, "हत्तीरोग मोहिमेच्या गोळ्या घेता ना?" तर म्हणाले, "मला काही होत नाही, कशाला घेऊ?" दरवर्षी आशाताईंकडून घ्यायचे आणि तुळशीच्या कुंडीत पुरायचे!

गोंडवाना_एक्सप्रेस

म्हणूनच ताई, आम्ही समोर गिळायला लावतो. २०१९ पासून नागपुरात तीन औषधांचा डोस आहे, आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल, तो तर समोरच. ज्याच्या रक्तात जंतू अन् त्रास नाही, डासाला जंतू मिळतो तो त्याच्याच अंगातून. आजींच्या पायातून नाही. लोक मात्र आजींपासून लांब बसतात अन् काकांच्या मांडीला मांडी लावून चहा पितात.

आजींना सांगा, रोज साबणानं पाय धुवा, बोटांच्या मधे कोरडं करा, पाय उंचावर ठेवून बसा. दर अमावास्येला ताप येतो म्हणून सोडून देऊ नका. अमावास्या काही करत नाही, बेचक्यातली भेग करते.

ओवी_म

काका पटले! भावाने स्वतःचा रिपोर्ट दाखवला, तंत्रज्ञ काकांचा प्रतिसादही वाचून दाखवला. काल आशाताईंसमोर गोळ्या घेतल्या. आणि रात्री अंगात ताप, डोकं धरलं, हातपाय ठणकले. सकाळी भावाच्या दारात हजर: "तुझ्या गोळ्यांनी मला आजारी पाडलं."

जुनी_काचपट्टी

गोळ्यांनी नाही. ज्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया जास्त, त्यांनाच हा ताप जास्त येतो. पिल्लं एकदम मेली, त्यांच्या अंगातला माल आणि वोल्बाकिया रक्तात सांडले, आणि इतकी वर्षं गप्प बसलेल्या शरीराने पहिल्यांदा आरडाओरडा केला. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल घेऊ देत. चक्कर, श्वासाला त्रास किंवा ताप टिकला तर लगेच दवाखान्यात न्या.

ओवी_म

काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ गप्प होते म्हणे. मग म्हणाले, "म्हणजे होते तर!"